पात्मोसवरचे सहा दिवस

बँकेत काम न करणाऱ्यांना आधी ब्लॉक लीव्ह म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं घडलं ते त्या रजेत. वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस सक्तीची सुट्टी. ऑफिसचा फोन जमा, लॅपटॉप जमा, लॉगिन बंद, ऑफिसशी एक शब्दही बोलायचा नाही. तुमची तब्येत सुधारावी म्हणून कोणी ही सुट्टी देत नाही. तुम्ही लांब असताना तुमचं काम दुसरं कोणीतरी करतं, आणि तुम्ही काही दडवून ठेवलं असेल तर ते वर येतं. रजा त्यासाठी असते.

आमच्या टीममध्ये कधीच काही वर आलं नाही. कारण आमच्याकडे रजेवर फक्त माणूस जायचा. त्याचं टोकन ऑफिसातच राहायचं.

टोकन म्हणजे अंगठ्याएवढं यंत्र, मिनिटाला आकडे बदलणारं. ते आकडे घातल्याशिवाय मंजुरीचं बटण दाबता येत नाही. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये सातव्या मजल्यावर आमचं काम असं की बँकेकडे नवीन ग्राहक आला की त्याची कागदपत्रं माझा ज्युनिअर तन्मय तपासून फाइल तयार करायचा, आणि मी ती पुन्हा बघून मंजूर करायची. दोन माणसं, दोन टोकनं. सगळी सुरक्षा काय ती एवढीच.

विवेक आमचा हेड. मूळचा ठाण्याचा, अठरा वर्षं सिंगापूरमध्ये, इथला नागरिक, गणपतीत प्रसादाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. टोकन ठेवून जायची पद्धत त्यानेच पाडली. बाहेरच्या टीममधून बदली माणूस आणला की तो आठवडाभर शिकतच बसतो आणि महिनाअखेरीचा आकडा पडतो, असं तो म्हणायचा. "तन्मयकडे दे ना. घरचाच मुलगा आहे." रजेवरच्या माणसाचं लॉगिन बंद करायचं काम विवेकचं होतं. ते तो दर वर्षी विसरायचा. तो विसरतो हे सगळ्यांना माहीत होतं.

मी चार वर्षं टोकन आणि पासवर्ड तन्मयला देऊन रजेवर गेले. मला कोणी धमकावलं नव्हतं. परत आल्यावर टेबलावर ढीग नको असायचा, बस.

चारही वेळा मी पुण्याला गेले होते. सासरचं एखादं लग्न, दातांच्या डॉक्टरकडे दोन खेपा आणि सिटिझनशिप कधी घेताय या प्रश्नाला रोज एक नवीन उत्तर. या जूनमध्ये मी म्हटलं, जिथे एकही मराठी माणूस भेटणार नाही अशा ठिकाणी जायचं. माझा नवरा अभय वन-नॉर्थ भागात एका संशोधन कंपनीत आहे. त्याला सहल आखायला सांगितलं की तो रंगीत तक्ता करतो. त्या तक्त्यात त्याने पात्मोस शोधून काढलं. ग्रीसचं छोटं बेट. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी योहान नावाच्या संताला तिथे हद्दपार केलं, आणि तिथल्या गुहेत त्याला जगाचा अंत दिसला. आता डोंगरमाथ्यावर त्याच्या नावाचा मठ आहे, निम्म्या चढावर ती गुहा, आणि खाली रिकामे समुद्रकिनारे. बेटावर विमानतळ नाही, बोटीनेच जावं लागतं. मला ते ऐकूनच बरं वाटलं.

आमची मुलगी गार्गी पंधरा वर्षांची. तिने तक्ता बघून एवढंच विचारलं की वायफाय आहे ना.

सोमवारी पोचलो. बुधवारी दुपारी फोन आला.

लांबी नावाच्या किनाऱ्यावर होतो. तिथे वाळू नाही, रंगीत गोटे आहेत, लाटा मागे जाताना ते खळखळतात. अभय टोपी तोंडावर ठेवून झोपला होता. स्क्रीनवर तन्मयचं नाव बघून मला राग आला, हे आधी कबूल करते. सुट्टीत कशाला फोन करतो हा.

तो हळू आवाजात बोलत होता, जिन्यातून. दरवाजा उघडला की थांबायचा. ऑडिटच्या लोकांनी रजेवरच्या माणसांची यादी आणि मंजुऱ्यांची यादी एकमेकींशी ताडून बघितली होती. मी ग्रीसमध्ये होते आणि माझ्या नावावर दोन दिवसांत एकतीस फाइली मंजूर झाल्या होत्या. त्यातली एक वाईट निघाली. पासपोर्टवरचा माणूस वेगळा आणि अर्जावरचा वेगळा. ती फाइल तन्मयनेच तयार केली होती आणि माझं टोकन वापरून त्यानेच मंजूर केली होती. मी असते तर थांबवली असती का? संध्याकाळी साडेसहाला समोर आली असती तर कदाचित मीही पुढे ढकलली असती.

"ते विचारतायत टोकन माझ्याकडे कसं आलं," तन्मय म्हणाला.

"तू काय सांगितलंस?"

"अजून काही नाही. परवा लेखी द्यायचंय. ताई, तुम्ही दोन ओळी लिहून पाठवा ना. तुमच्या जीमेलवरून पाठवली तरी चालेल. की तुम्हीच दिलं होतं, सगळेच देतात. बस."

मी म्हणाले, ब्लॉक लीव्हवर असताना ऑफिसशी संपर्क करता येत नाही.

हे मी म्हणाले. टोकन देऊन आलेली बाई हे म्हणाली.

 तो म्हणाला, हो, तेही बरोबर आहे. मी त्याला सांगितलं की मी येईपर्यंत काही लिहून देऊ नकोस, आल्यावर मी बघते. तो हो म्हणाला. फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं, "तिकडे कसं आहे?"

"छान आहे," मी म्हणाले.

तन्मय एम्प्लॉयमेंट पासवर होता. नोकरी गेली की पास रद्द, आणि साधारण महिन्याभरात देश सोडायचा. त्याची बायको वल्लरी सातव्या महिन्यात होती. मी पर्मनंट रेसिडेंट. माझी नोकरी गेली असती तर मी बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत बसून दुसरी शोधली असती. हा फरक मला तिथे, घोटाभर पाण्यात उभी असतानाही नीट माहीत होता. नंतर कळला असं काही नाही.

अभयला उठवून सांगितलं. तो उठून बसला आणि शांतपणे म्हणाला की मेल टाकलास तर ती कबुली होईल, इथे बसून घाईत काही लिहू नकोस, परत जाऊन समोरासमोर बोल. शहाणा सल्ला होता. मला तेव्हा असाच सल्ला हवा होता, म्हणून मी त्यालाच विचारलं.

गुरुवारी गुहा बघायला गेलो. गुडघे झाकलेले लागतात, म्हणून गार्गीने कुरकुरत माझी ओढणी कमरेला गुंडाळली. आत छत इतकं खाली की वाकूनच राहावं लागतं. संत जिथे डोकं टेकून झोपायचा त्या खोबणीभोवती चांदीची कड बसवली आहे. समोर एक जुनं चित्र. म्हातारा उभा राहून सांगतोय आणि तरुण शिष्य बसून लिहून घेतोय. एक काळ्या झग्यातला साधू कोपऱ्यात बसून येणाऱ्यांना खुणेनेच गप्प करत होता. एक बाई भिंतीला कपाळ लावून रडत होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. आपल्याकडे कोणीतरी पाणी तरी विचारलं असतं, असं मनात आलं, आणि मग आलं की तुला काय अधिकार आहे.

बाहेर पायऱ्यांवर बसून मी फोनवर लिहिलं: टोकन मीच तन्मयला दिलं. विवेकच्या सांगण्यावरून दिलं. आमच्याकडे हे दर वर्षी चालतं. खाली नाव घातलं. तिथे रेंज नव्हती असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पूर्ण रेंज होती. मी तो मेल पाठवला नाही, नुसता ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी विवेकचा मेसेज आला. "राधिका, एन्जॉय कर. इकडचं मी सांभाळतोय. काळजी नको." मी त्याला अंगठा पाठवला. त्यानंतर तो लिहून ठेवलेला मेल पुसून टाकला. विवेक सांभाळतोय म्हटल्यावर कशाला तो ठेवायचा.

तो काय सांभाळतोय हे मी विचारलं नाही.

पुढचे चार दिवस फार सुंदर गेले. एका छोट्या बोटीने दक्षिणेच्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे झाडाखाली बकऱ्या बसल्या होत्या आणि आम्ही धरून नऊ माणसं. मी वीस वर्षांत एवढी पोहले नव्हते. भाजलेला मासा खाल्ला. मठाच्या गच्चीवरून आजूबाजूची बेटं बघितली. रविवारी जेवताना अभय आणि मी त्याच विषयावर खालच्या आवाजात बोलत होतो तर गार्गी ताटातून मान वर न काढता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट टेल देम लाह. तू दिलंस ना? देन टेल." अभय तिला म्हणाला की हे इतकं सोपं नसतं. तिने कानात इअरफोन घातले.

फोन आल्यापासून सहा दिवसांनी, मंगळवारी, बेट सोडलं. शुक्रवारी चांगी विमानतळावर उतरले तेव्हा टॅक्सीच्या रांगेतूनच तन्मयला फोन केला. त्याने तो कट केला आणि मेसेज टाकला: सोमवारी बोलू.

सोमवारी मी टेबलापर्यंत पोचायच्या आत विवेक मला खाली फूड कोर्टात घेऊन गेला. दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेतल्या. माझ्या रंगाकडे बघून म्हणाला की ऊन चांगलंच लागलेलं दिसतंय. मग त्याने सांगितलं की तन्मयने मागच्या शुक्रवारीच लेखी दिलंय. त्यात असं होतं की राधिकाच्या ड्रॉवरमधून टोकन तिला न विचारता मी घेतलं, आणि तिचा पासवर्ड मागे उभा राहून बघितला होता. हे त्याने विवेकच्या केबिनमध्ये बसून लिहिलं होतं. म्हणजे तो शुक्रवार, ज्या दिवशी मी अंगठा पाठवला.

"पोरगा समजूतदार आहे," विवेक म्हणाला. "पहिलीच चूक आहे, वॉर्निंगवर सुटेल. मी वर बोललोय."

"वर म्हणजे कोणाशी?"

त्याने कोपी ढवळली. "तू एवढंच सांग, की ड्रॉवरला कुलूप लावायचं राहिलं. खोटं पण नाही ते. कुलूप कुठे असतंच तुझ्या ड्रॉवरला."

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"तर तू जाशील, मी जाईन, आणि तो तर जाईलच. त्यात त्याचं काय भलं होणार आहे?"

"त्याच्या भल्याची काळजी तुला आत्ता लागलीय?"

"राधिका, तू समुद्रावरून आलीयेस," तो म्हणाला. "आम्ही दोन आठवडे इथे निस्तरतोय. तुला काही बोलायचं होतं तर तेव्हा बोलायचं होतंस."

तो माणूस नालायक आहे, आणि त्याने सांगितलेली ही एकच गोष्ट बरोबर होती.

तन्मयला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. दुपारी त्याने फोन उचलला. मी म्हटलं, ते लेखी परत घे, मी उद्या सगळं सांगणार आहे. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, विवेक सर म्हणाले तुमच्याशी बोलणं झालंय. तुमचं पण हेच म्हणणं आहे."

"माझ्याशी काहीच बोलणं झालं नव्हतं."

"तुम्ही मेसेजला हो म्हणालात असं म्हणाले. दाखवला त्यांनी." मग म्हणाला, "आता बदललं तर काय होईल? आत्ता मी नुसता चोर आहे. बदललं की चोर आणि खोटारडा. राहू दे. सर म्हणाले वॉर्निंग देतील."

मंगळवारी मी चौकशीच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. टोकन मी दिलं, पासवर्ड मी दिला, विवेकने सांगितलं म्हणून दिला, लॉगिन बंद करायचं काम त्याचं होतं आणि तो ते मुद्दाम करत नाही, हे चार वर्षं चाललंय. समोरची बाई चांगली होती. मधे बोलली नाही, सगळं लिहून घेतलं. मग तिने फाइलमधून तन्मयचा कागद काढला आणि मला वाचून दाखवला. म्हणाली की ज्युनिअरला वाचवावंसं वाटणं मी समजू शकते, तुमच्यासारखी सीनिअर मिळणं टीमचं नशीब आहे. मला वाटलं मी टेबल उलटं करेन. मी काहीच केलं नाही. हात मांडीवर ठेवून बसले होते.

तिने विचारलं की तुम्ही सांगताय त्याला आधार म्हणून लिहिलेलं काही आहे का, आजच्या आधीची तारीख असलेलं. नव्हतं. मीच पुसलं होतं. माझ्याकडे तारीख असलेला एकच पुरावा होता, आणि तो विवेकला पाठवलेला अंगठा होता.

मी म्हटलं, मागच्या वर्षी मी पुण्यात होते, तेव्हाच्या मंजुऱ्या काढून बघा, त्याच्या आदल्या वर्षीच्या बघा. ती म्हणाली की आमची चौकशी या दोन आठवड्यांपुरती आहे. तिने पेनाचं टोपण लावलं. त्यांच्याकडे माणूस होता आणि त्याची सही होती. त्यांना आणखी माणसं नको होती.

गुरुवारी निकाल लागला. तन्मयला काढून टाकलं. मला ड्रॉवर उघडा ठेवल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. विवेकला काही नाही. त्याच्या सहीने सगळ्यांना एक मेल आला की पुढच्या आठवड्यात नवीन कुलपाचे ड्रॉवर येत आहेत. मी राजीनामा देईन असं मला वाटलं होतं. दिलेला नाही.

शनिवारी दुपारी मी टॅम्पिनीसला तन्मयच्या घरी गेले. सरकारी वसाहतीत बाराव्या मजल्यावरचा भाड्याचा एचडीबी फ्लॅट. जाळीचं दार वल्लरीने उघडलं. तिचं वजन वाढलं होतं, पावलं सुजली होती. हॉलमध्ये खोकी, अर्धी भरलेली. डॉक्टरांनी विमानप्रवासाला अजून तीन आठवडे परवानगी दिली होती, त्याच्या आत त्यांना निघायचं होतं. तन्मय खाली गेला होता, पाळणा विकला होता तो एका जोडप्याच्या गाडीत चढवायला. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. स्वतः खोक्यावर बसली.

मी सांगायला लागले की चौकशीत मी सगळं खरं सांगितलं, त्यांनी मानलं नाही. ती ऐकत राहिली. कुकरच्या शिट्ट्या गुंडाळलेल्या कागदावर बोट फिरवत होती.

"राधिकाताई, एक विचारू?" ती म्हणाली. "त्यांचा फोन तुम्हाला बुधवारी आला. लिहून दिलं शुक्रवारी. मधे अख्खा गुरुवार होता. तुम्ही का नाही लिहिलंत?"

मी ब्लॉक लीव्हचा नियम सांगायला तोंड उघडलं. तिचं तोंड बघितलं आणि सांगता आलं नाही.

"तिथे छान होतं," मी म्हणाले. "मला ते बिघडवायचं नव्हतं. विवेक काहीतरी करेल, आणि मला काहीच करावं लागणार नाही, असं मला हवं होतं. लिहिलं होतं मी. मग पुसलं."

वल्लरी हसली. खरंच हसली, पोटाला हात लावून. "बघा. मी हेच म्हणत होते. आणि हे मला रोज सांगतात, ताईंना तिथून लिहिता आलं नसेल, नियम असतो, नाहीतर त्यांनी नक्की लिहिलं असतं. बाबांना नाशिकला फोनवर तेच सांगितलं. ताई खूप करतायत माझ्यासाठी म्हणून." तिने नाक पुसलं. "माझं ऐकत नाहीत ते. तुम्हीच सांगा त्यांना."

बाहेर लिफ्टचा आवाज झाला. पॅसेजमधून स्लिपर ओढत येणारी पावलं. वल्लरी उठली नाही, मला मदत केली नाही, आणि करायचं काही कारणही नव्हतं.

तन्मय आत आला. टी-शर्ट पाठीला चिकटला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि ते बघणं त्या सगळ्या दिवसांतलं सगळ्यात वाईट होतं. "ताई, कधी आलात? वल्लरी, चहा टाकलास का? दूध आहे अजून, फ्रीज उद्या जाणार आहे."

मी त्याला सांगितलं. तो स्लिपर काढत होता तेवढ्यात सांगितलं, नाहीतर मी चहा पिऊन निघून गेले असते. गुरुवारी लिहिलं होतं, पाठवता येत होतं, पाठवलं नाही. विवेकचा मेसेज आल्यावर पुसलं. नियमामुळे नाही. मला तिथे सुखाने राहायचं होतं म्हणून.

तो एक स्लिपर पायात आणि एक हातात घेऊन उभा होता. त्याने पायातली काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी सरळ ठेवल्या. मग वल्लरीकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"बाबांना मी काय काय सांगितलंय," तो म्हणाला, पण मला नाही.

मी म्हटलं की मी त्यांच्याशी बोलते, आत्ता फोन लाव.

"नको," तो म्हणाला. चार वर्षं तो मला ताई म्हणत आला होता. ऑफिसातही, सगळ्यांसमोर, लोक चेष्टा करायचे तरी. त्याने जाळीचं दार उघडून धरलं. "मॅडम, तुम्ही निघा आता. आम्हाला आवरायचंय."